पार्करच्या दारासमोरची मैफल

न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेत 1993 पासून ऑगस्टमध्ये चार्ली पार्करच्या नावाने जाझचा उत्सव भरू लागला. तिकीट नाही; यावे, ऐकावे. बागेसमोरच्याच घरात हा सॅक्सोफोनवादक 1950 ते 1954 राहिला. अन् वाचकहो, याच शहराने 1951 मध्ये त्याचा क्लबांतून वाजवण्याचा परवाना काढून घेतला होता! 1955 साली, 34 व्या वर्षी तो गेला. मग हा गौरव निव्वळ प्रायश्चित्त म्हणावा काय? मला तसे म्हणवत नाही. फुकट मैफलीला जाणकाराशेजारी कडेवर मूल घेतलेली बाईही उभी राहू शकते. मात्र पार्करच्याच ताना गिरवणाऱ्या वादकांचे मला कौतुक नाही. तो स्वतः जुन्या गाण्यांचा स्वरसांगाडा घेई आणि त्यावर अगदी नवी चाल बांधी.