'हँग झाला' म्हणजे नेमके काय झाले?

शाळेच्या संगणक कक्षात यंत्र अडले, की विद्यार्थी लगेच निदान करून मोकळा होतो, "सर, हँग झाला!" प्रिंटर थांबला की 'जॅम', बँकेच्या खिडकीवर 'सिस्टिम डाउन'. हे शब्द इंग्रजी आहेत अशी आमची तक्रार नाही. टेबल आणि पेन यांच्यासारखे तेही आता आपलेच झाले आहेत. नाव ठाऊक झाले म्हणजे कारण कळले, असा समज त्यांच्यामुळे पसरतो, ही खरी तक्रार आहे.

या शब्दांची योग्यता सारखी नाही. 'पेपर जॅम' हा त्यातल्या त्यात प्रामाणिक शब्द. रुळांमध्ये कागद अडकला आहे आणि तो काढायचा आहे, एवढे तो सांगतो. 'हेड क्रॅश' हाही तसाच. हार्ड डिस्कचे वाचन-लेखन करणारे शीर्ष फिरत्या तबकडीवर हवेच्या अतिशय पातळ थराच्या आधाराने तरंगत असते. ते तबकडीवर आदळले, की पृष्ठभाग खरवडला जातो व माहिती नष्ट होते. पण एखादा प्रोग्रॅम अचानक बंद पडला तरी आपण 'क्रॅश'च म्हणतो. तो पुन्हा सुरू करता येतो, खरवडलेली तबकडी मात्र दुरुस्त होत नाही. एकच शब्द दोन्हीकडे वापरल्याने हा फरक झाकला जातो.

'बग' या शब्दाची गोष्ट बहुतेक शिक्षकांनी ऐकलेली असते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रातील रिलेमध्ये एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवण्यात आला. शब्द तेथेच जन्मला असे सांगतात, ते खरे नाही. एडिसनने १८७८ सालच्या एका पत्रात यंत्रातील दोषांसाठी हाच शब्द वापरला होता. १९८८ साली संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी या शब्दालाच हरकत घेतली. 'बग' म्हटले, की कीटक बाहेरून शिरला असे वाटते. वस्तुतः ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची चूक असते, म्हणून तिला चूकच म्हणावे, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते पटते.

याच्या उलट, विंडोज ९५ मध्ये प्रोग्रॅम कोसळला की 'इल्लीगल ऑपरेशन' झाल्याची सूचना पडद्यावर येई. बेकायदा कृत्य प्रोग्रॅमचे, पण धसका घेई तो समोर बसलेला माणूस! बेन श्नायडरमन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीसच अशा धमकावणाऱ्या सूचनांवर टीका केली होती.

काही सूचना तर कोड्यासारख्या असत. एचपीच्या जुन्या लेझरजेट प्रिंटरांवर 'पीसी लोड लेटर' अशी अक्षरे उमटत. येथे 'पीसी' म्हणजे संगणक नव्हे, तर कागदाचा ट्रे. 'लेटर' म्हणजे पत्र नव्हे, तर २१६ × २७९ मिलिमीटरचा अमेरिकी कागद. आपला ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. मजकूर 'लेटर' मापात मांडलेला असेल आणि ट्रेमध्ये ए-४ असेल, तर प्रिंटर नसलेला कागद मागत बसे. बिघाड कोठेच नसे. मापे जुळत नसत, एवढेच.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. 'हँग झाला' हे उत्तर म्हणून स्वीकारू नये. पुढे विचारावे: दिवा लागला आहे का? माउसचा बाण हलतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? तो बदलत असेल, तर यंत्र बहुधा कळफलकाला प्रतिसाद देत आहे आणि एकच प्रोग्रॅम अडकला असण्याची शक्यता अधिक. तेवढाच बंद करून पाहावा. संगणकाजवळ एक वही ठेवावी आणि तीत काय दिसले, त्याआधी काय केले, कशाने सुटले हे तीन रकाने आखावेत. विद्यार्थ्यांनी त्या मराठीत भराव्यात. प्रयोगवहीत आपण निरीक्षण आणि अनुमान वेगळे लिहायला लावतो; संगणक कक्षात ती शिस्त सोडण्याचे कारण नाही.