न विचारलेला प्रश्न : 'रोमिओ आणि ज्युलिएट'मधील आईवडील आणि मुलांची निवड

प्रास्ताविक

आईवडिलांनी विरोध केला म्हणून दोन प्रेमिकांनी जीव दिला, असे शेक्सपिअरच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट' या नाटकाचे सार आपल्याकडे सांगितले जाते. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हेच लिहितात आणि हिंदी चित्रपटांनीही हीच समजूत पक्की केली आहे. १५९५ च्या सुमारास लिहिलेल्या या नाटकाची संहिता मात्र वेगळे सांगते. मुले जिवंत असेपर्यंत दोन्ही घरांतील एकाही आईला वा वडिलांना या प्रेमाची आणि गुप्त विवाहाची वार्ता लागत नाही. जी गोष्ट ठाऊकच नव्हती तिला विरोध कसा होणार? मग या शोकांतिकेत आईवडिलांचा वाटा नेमका कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या मधोमध रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात आणि दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. रूढ आख्यायिका अशी की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. सावरगावकरांनी दगड मारले, पांढुर्ण्याकडून प्रत्युत्तर आले आणि दोघे नदीतच मरण पावले. या आख्यायिकेत गावे आहेत, दगड आहेत. आईवडिलांचा मात्र उल्लेख नाही. त्या दोघांनी पळून जाण्यापूर्वी घरी काही विचारले होते काय, हे कथा सांगत नाही. शेक्सपिअरचे नाटक नेमक्या याच जागी आपल्याला घराच्या आत नेते.

संमतीचा बदलता अर्थ

ज्युलिएटचे वडील कॅप्युलेट हे आरंभी जुलमी बाप म्हणून येत नाहीत. पॅरिस मागणी घालतो तेव्हा मुलगी अजून लहान आहे, दोन वर्षे थांबावे, असे ते सुचवतात. आधी तिचे मन जिंकावे, आपली इच्छा तिच्या संमतीचा केवळ एक भाग आहे, असेही ते म्हणतात. मेजवानीत रोमिओ आल्याचे टिबॉल्ट सांगतो, तेव्हा ते पत्नीच्या भाच्यालाच दटावतात आणि गावात रोमिओचा सद्गुणी, सुशील तरुण म्हणून लौकिक असल्याचे सांगतात. समारंभाचा बेरंग होऊ नये हा त्यांचा हेतू असेलही. तरीही वैऱ्याच्या मुलाविषयी चांगले बोलणारा हा बाप आहे, याची नोंद घेतली पाहिजे. ज्युलिएटला हे बोलणे कळत नाही. तिच्या कानी पडते ते फक्त वैर.

पुढे टिबॉल्टच्या मृत्यूनंतर हेच कॅप्युलेट सोमवारी रात्री पॅरिसला गुरुवारचा मुहूर्त देऊन मोकळे होतात. मुलगी आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, असे ते गृहीत धरतात. ती नकार देते तेव्हा घराबाहेर काढण्याची, उपाशी मरू देण्याची भाषा करतात. म्हणजे संमतीचा मान त्यांनी ठेवला तो ती होकार देईल या भरवशावर. ज्या संमतीत नकाराला जागा नाही, तिला संमती म्हणता येत नाही.

यानंतरचा तपशील समीक्षकाने विशेष पाहावा असा आहे. धर्मगुरू फ्रायर लॉरेन्सच्या सल्ल्याने ज्युलिएट घरी येऊन क्षमा मागते. आनंदाच्या भरात कॅप्युलेट विवाह एक दिवस अलीकडे, बुधवारी आणतात. त्यामुळे तिला औषध मंगळवारी रात्रीच घ्यावे लागते आणि रोमिओला निरोप पोहोचवण्याची आधीच अपुरी असलेली मुदत आणखी घटते. पत्र साथीच्या बंदोबस्तात अडकते, हा दैवाचा भाग झाला. पण तो एक दिवस बापाच्या आनंदाने खाल्ला, रागाने नव्हे.

आईचे चित्रण याहून सूचक आहे. लग्नाचा विषय काढताना ती दाईला बाहेर पाठवते आणि लगेच परत बोलावते. चौदाही पूर्ण न झालेल्या मुलीशी एकांतात बोलण्याची सवयच त्या आईला नाही. पुढे मुलगी पदर पसरते तेव्हा ती बोलणे संपवून निघून जाते.

मुलगा आणि वडील

माँटेग्यूंचे घर वरकरणी सौम्य आहे. मुलगा उदास का, याची वडिलांना काळजी वाटते. त्यांनी विचारूनही पाहिले आहे, पण तो मन उघड करीत नाही. शेवटी ते हे काम पुतण्या बेन्व्होलिओवर सोपवतात आणि रोमिओ समोरून येताना दिसताच निघून जातात. संपूर्ण नाटकात रोमिओ आणि त्याचे आईवडील यांचा एकही प्रत्यक्ष संवाद नाही. रोमिओ वडिलांशी मन मोकळे करतो ते पत्रातून, आणि ते पत्र त्याच्या मृत्यूनंतर उघडले जाते. आई तर त्याच्या हद्दपारीच्या दुःखाने त्याच रात्री मरण पावलेली असते. मायेची उणीव येथे नाही, बोलण्याची आहे.

अशा रिकाम्या जागेत इतर वडीलधारे येतात. दाई ज्युलिएटची मैत्रीण होते, पण संकटकाळी पॅरिसशी लग्न करण्याचा सोयीचा सल्ला देते. फ्रायर लॉरेन्स दोन घराण्यांचे वैर मिटेल या आशेने लग्न लावून देतो. त्याचा हेतू थोर आहे. तथापि तोही मुलांच्या जीवनातून मोठ्यांचा प्रश्न सोडवू पाहतो. आईवडिलांपाशी जाऊन बोला, असे तो एकदाही सुचवत नाही.

'अनारकली'शी तुलना

उर्दूतील इम्तियाज अली 'ताज' यांचे 'अनारकली' (लेखन १९२२, प्रकाशन १९३२) हे नाटक येथे सहज आठवते. त्यात बाप जाणतो आणि शिक्षा देतो, हा मोठा फरक आहे. परंतु अकबराला कळते ते मुलाच्या तोंडून नव्हे. मत्सरी दिलारामच्या कारस्थानामुळे, नवरोजच्या जश्नात आरशातून दिसते. सलीममध्ये त्याने हिंदुस्थानचे आपले स्वप्न पाहिलेले असते, सलीमला मात्र पाहिलेले नसते. शेवटी तो बादशहा म्हणून नव्हे, बाप म्हणून मुलाकडे येतो, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. ही शोकांतिका सलीम-अनारकलीची की अकबराची, हा उर्दू समीक्षेतील जुना वाद याच कारणाने मिटत नाही. १९६० च्या 'मुघल-ए-आझम' चित्रपटात अकबर अनारकलीला गुप्तपणे जीवदान देतो. त्याने प्रेक्षकाला दिलासा मिळतो, पण बापाच्या अपराधाची धारही बोथट होते.

मौन आणि संमती

आपल्या समाजाच्या दृष्टीने या चर्चेला आणखी एक बाजू आहे. निकाहात वधूची संमती अनिवार्य आहे. वडिलांनी मनाविरुद्ध लावून दिलेला खन्सा बिन्त खिजाम यांचा निकाह प्रेषितांनी रद्द केल्याचे 'सहीह बुखारी'त नमूद आहे. कुमारिकेचे मौन ही तिची संमती, असेही हदीस सांगते; पण तेथे आधी तिची परवानगी विचारण्याची अट आहे. लज्जेचे मौन आणि भीतीचे मौन यांत भेद आहे. क्षमा मागून परतलेल्या ज्युलिएटचा आज्ञाधारकपणा हा दुसऱ्या प्रकारचा आहे, आणि वडिलांना तो होकार वाटतो. वकील आणि साक्षीदार दाराशी येऊन विचारतात तेव्हा मांडव पडलेला असतो, पाहुणे जेवायला बसलेले असतात. त्या घडीला कोणती मुलगी नाही म्हणेल? विचारण्याची खरी वेळ त्याच्या कितीतरी आधीची असते.

निष्कर्ष

सारांश, या नाटकातील आईवडील मुलांची निवड घडवतात ती मुख्यतः मनाई करून नव्हे. घरात कोणता प्रश्न विचारता येतो आणि कोणता येत नाही, हे ते ठरवून ठेवतात. मुले उत्तर गृहीत धरतात आणि चोरवाट निवडतात. त्यांची घाई, त्यांची गुप्तता आणि हे नाही तर मरण ही टोकाची भाषा त्यांना त्याच घरांतून मिळालेली आहे. अखेरीस दोन्ही बाप एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात. वैर मिटते, पण तेथेही बोलणे देण्याघेण्याचेच राहते.

मंगेश पाडगावकरांच्या अनुवादामुळे हे नाटक मराठीत उपलब्ध आहे. ते वर्गाबरोबर पालकांनीही वाचावे. रोमिओने वडिलांना विचारले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, हे नाटक सांगत नाही. आपल्या मुलांनी विचारले तर आपण काय उत्तर देऊ, हे मात्र प्रत्येक पालकाला आजच ठरवता येईल, आणि ते मुलांना कळेल अशा रीतीने वागता येईल.