वाफेची फुंकर

जुन्या बोटींच्या यंत्रविद्येवरची पुस्तकं चाळताना बॉयलरला अख्खं पान मिळालेलं दिसतं, इंजिनाला तर घडी उलगडून पाहायचं पान. स्टीम इजेक्टरची आकृती मात्र बहुधा मजकुराच्या कडेला, चार बोटं जागेत उरकलेली असते. बोटीच्या तळात साचलेलं पाणी वाफेच्या झोताने बाहेर फेकणारा हा पंप. चित्रात तीन तोंडांचं एक धातूचं नळकांडं मधोमध उभं चिरून दाखवलेलं असतं. एका तोंडातून वाफ आत येते, दुसऱ्यातून तळातलं पाणी, आणि तिसऱ्यातून दोघं मिळून बाहेर पडतात. फिरणारं, सरकणारं, उघडझाप करणारं असं आकृतीत काहीही नाही. दट्ट्या नाही, दांडा नाही, पंखा नाही. वाफेच्या युगाने मागे ठेवलेल्या चित्रांत मला हे सगळ्यात देखणं वाटतं, आणि ते कवितेइतकंच सावकाश वाचावं लागतं.

सुरुवात वाफेच्या तोंडापासून करू. नळी आत शिरते आणि निमुळती होत जाते. टोकाशी असते गनमेटलची एक नॉझल, आटे पाडून बसवलेली, झिजली तर काढून दुसरी बसवता येईल अशी. बॉयलरमध्ये चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब आहे असं धरू. म्हणजे वाफेचं तापमान १७० अंशांच्या आसपास. तिथे ती नुसती दाबून बसलेली असते. नॉझलमधून सुटताना तिचा दाब उतरतो आणि त्याचा वेग होतो. किती वेग? नॉझल नीट घडवलेली असेल तर सेकंदाला ८०० मीटरहून जास्त, हवेतल्या आवाजाच्या दुपटीहून अधिक. चित्रात हे कुठेच दिसत नाही. दिसते ती एवढीच एक गोष्ट, की दोन रेषा जवळ येतात आणि अचानक थांबतात.

त्या थांबतात तिथे एक मोकळी जागा आहे. नॉझलचं टोक आणि पुढच्या शंकूचं तोंड यांच्यातली ही फट. माझ्या मते आकृतीचा सारा अर्थ या फटीत आहे, कारण बाकी सगळं धातूचं आणि इथे काहीच नाही. तळातून येणारी नळी याच जागेत उघडते. सुसाट निघालेली वाफ आधी तिथली हवा ओढून नेते, पोकळी तयार होते, आणि बाहेरच्या हवेचा दाब तळातलं पाणी नळीतून वर ढकलू लागतो. पाणी फटीत पोचलं की दुसरीच घटना घडते. वाफेला थंड पाणी भेटतं आणि ती वाफ राहतच नाही. साध्या हवेच्या दाबाला एक किलो वाफ सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते; तिचं पाणी झालं की उरतं एक लिटर. एवढी जागा एकाएकी रिकामी झाल्यावर ती भरायला आणखी पाणी धावतं. वाफ स्वतः नाहीशी होते, पण तिचा वेग मागे राहतो.

तो वेग पाण्याने कसा उचलला, हे पुढचा शंकू सांगतो. दादरच्या जिन्यावर रेंगाळणाऱ्या गर्दीत एखादा धावत येऊन घुसला, तर त्याचा वेग मोडतो आणि गर्दी थोडी पुढे सरकते. तसंच इथे होतं. एक किलो वाफेने पंचवीस किलो पाणी गाठलं तर मिश्रण सव्वीस किलोचं होतं आणि वेग सव्विसाव्या हिश्शावर येतो. ८५० मीटरचे उरतात साधारण ३३. संवेग सगळा शिल्लक राहतो, पण गतीच्या ऊर्जेचा मात्र सव्विसावा भागच टिकतो. बाकीची धडकेतच उष्णता होऊन पाण्यात मुरते. यंत्रविद्येच्या शिस्तीत बसणाऱ्या माणसाला हा आकडा बोचतो. तरी ३३ मीटर वेगाचं पाणी, घर्षण सोडून दिलं तर, पन्नास मीटर उंच उडू शकतं. बोटीच्या काठावरून बाहेर टाकायला दोन मीटर पुरतात.

शेवटचा भाग हळूहळू रुंद होत जातो. निमुळत्या गळ्यापेक्षा तो बराच लांब असतो, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, इथे धातू उगाच खर्ची घातला. पण वेगाचा पुन्हा दाब करायचा तर घाई चालत नाही. नळी एकदम रुंद केली तर पाणी भिंत सोडून भोवरे करत बसतं. म्हणून आत येताना रेषा चटकन मिटतात आणि बाहेर जाताना सावकाश उलगडतात. चित्राला जो डौल आहे तो या विषमतेतून आलेला आहे. सजावटीसाठी एकही वळण नाही.

या घराण्याचा मूळपुरुष फ्रेंच अभियंता आंरी जिफार. १८५२ साली वाफेचं इंजिन बांधलेल्या फुग्यातून पॅरिसहून त्रापपर्यंत सुमारे २७ किलोमीटर उडणारा हाच माणूस. १८५८ साली त्याने इंजेक्टरचं पेटंट घेतलं. या इंजेक्टरचं काम तळातलं पाणी उपसण्याचं नव्हतं. बॉयलरला पाणी पाजण्याचं होतं. तोवर रेल्वे इंजिनाचा पाण्याचा पंप चाकांच्या गतीवर चालायचा. त्यामुळे स्टेशनात खोळंबलेल्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये पाणी कमी पडलं, की इंजिन उगाच पुढेमागे पळवावं लागे. जिफारचं नळकांडं उभ्या इंजिनालाही पाणी पाजू लागलं. मात्र पुष्कळ जाणकारांना हा प्रकार पटेना. बॉयलरमधून निघालेली वाफ त्याच बॉयलरमध्ये, त्याच दाबाविरुद्ध पाणी कशी घुसवेल? काहींना त्यात अखंड चालणाऱ्या अशक्य यंत्राचा वास आला.

उत्तर वेगात आहे. ७ किलो दाबाखालचं थंड पाणी भोकातून सुटलं तर फार तर सेकंदाला ३७ मीटरने सुटेल. त्याच दाबाची वाफ सुटते ८०० च्या पुढे. तिने दहा-बारा पट पाणी सोबत घेतलं तरी मिश्रणाचा वेग ६५ मीटरच्या घरात राहतो, म्हणजे बॉयलरचं दार लोटायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त. दाब सारखा असूनही हलकी वाफ जड पाण्याला हरवते, ती अशी. आयफेल टॉवरच्या पहिल्या मजल्याखाली ज्या ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं कोरली आहेत, त्यांत जिफारचं नाव आहे. दृष्टी अधू होत गेली आणि १८८२ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. संपत्ती देशाच्या नावे करून गेला.

इंजेक्टर आणि बोटीतला इजेक्टर यांची आकृती शेजारी शेजारी ठेवली तर सख्खी भावंडं वाटतात. हिशेबाच्या वहीत मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना. इंजेक्टरमध्ये वाफेची जी उष्णता पाण्यात मुरते ती पाण्यासोबत बॉयलरमध्येच परत येते. घरचा पैसा घरात. नळ्यांवाटे थोडी उष्णता उडते, एवढाच तोटा. म्हणून पंप म्हणून तो कितीही उधळ्या असला तरी उष्णतेच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष. बोटीतला इजेक्टर मात्र कोमट झालेलं सगळं पाणी बोटीबाहेर ओततो. एक टन पाणी दोन मीटर उचलायला खरं काम लागतं अवघं २० किलोज्यूल. एकास पंचवीस या प्रमाणाने त्यासाठी ४० किलो वाफ जाते, आणि तिच्यासोबत लाखभर किलोज्यूल उष्णता. म्हणजे कामाच्या पाच हजार पट खर्च. कोळशात सांगायचं तर पाच-सहा किलो. दहा लिटरच्या बादलीने शंभर वेळा उपसलं असतं तर कोळशाचा खडाही लागला नसता.

आणि तरीही बोटवाल्यांनी तो टाकला नाही. मला यातच या चित्राचा खरा रस दिसतो. पंपाची कार्यक्षमता मोजणारा माणूस असं गृहीत धरतो, की पंप रोज चालणार आहे. तळातला इजेक्टर बरेच दिवस नुसता बसून असतो. त्या अवधीत दट्ट्याच्या पंपाचं चामडं वाळतं, पॅकिंग कडक होतं, झडपेखाली कोळशाची कच अडकते, दांडा गंजतो. इजेक्टरमध्ये बिघडण्यासारखं काही नाहीच. गळ्यातून जाईल एवढा कचरा तो सरळ बाहेर टाकतो. इंजिन बंद पडलं असलं, बोट एका अंगाला कलली असली, तरी बॉयलरमध्ये वाफ आहे तोवर तो चालतो. संकटाच्या घटकेला सहा किलो कोळसा कोण मोजतो?

अमेरिकेतल्या बंदरांत आणि नद्यांवर याला स्टीम सायफन म्हणत. लाकडी बार्जना स्वतःचं इंजिन नसे, आणि फळ्यांच्या सांध्यांतून पाणी तर यायचंच. मग वाफेची टग शेजारी येऊन लागे, सायफनची नळी बार्जच्या तळात सोडे आणि आपली वाफ त्या बिनइंजिनाच्या बोटीला उसनी देई. पंप एका बोटीत, आग दुसऱ्या बोटीत, ही सोय दट्ट्याच्या पंपाला इतक्या सहज जमली नसती.

इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवरावरच्या हौशी लाँचमध्ये तर वाफेला दहा कामं. शिटी तिच्यावर, इंजिन तिच्यावर, आणि चहाही. तांब्याच्या भांड्यात वाफेच्या नळीचं वेटोळं बसवलेलं असतं. कॉक फिरवला की काही सेकंदांत पाणी खळखळतं. ‘विंडरमिअर केटल’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. अशा बोटीत इजेक्टरसाठी आणखी एक कॉक ही काही चैन नव्हे. शिवाय गोड्या पाण्याच्या सरोवरात गेलेल्या वाफेची भरपाई बोटीखालच्याच पाण्याने होते. समुद्रात तसं नाही. तिथे बॉयलरचं गोडं पाणी जपून वापरायचं असतं, आणि इजेक्टर ते खाऱ्या पाण्यात मिसळून फेकून देतो.

तो चालवणं ऐकण्यासारखं असतं. आधी बाहेर जाणाऱ्या नळीची झडप उघडायची, मग वाफेची, आणि ती भीतभीत नव्हे, सपाट्याने. पहिले काही क्षण कोरडा फुत्कार. तोंडातून पांढरी वाफ बाहेर पडत राहते, आणि नवख्याला वाटतं, बिघडलंच. मग तळातल्या नळीत गुडगुड होते, फुत्कार एकदम खाली उतरतो आणि त्याच्या जागी दाणे भरडल्यासारखा कडकडाट येतो. तो आवाज पाण्यात कोसळणाऱ्या वाफेच्या बुडबुड्यांचा. नळकांड्याला हात लावला तर वाफेची बाजू चटका देते आणि पाण्याची बाजू थंड. दोन्हींत वीतभर अंतर. बाहेर पडणारं पाणी तळातल्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी ऊन असतं. तळ कोरडा झाला की पुन्हा फुत्कार. अशा वेळी लक्ष नसेल तर पंपाचं काही जात नाही, पण दाबमापकाचा काटा भराभर उतरतो. छोट्या लाँचच्या बॉयलरमध्ये पाणीच मुळात थोडं, त्यातून ४० लिटर गेलं तर फायरमनला घाम फुटतो.

त्याची मर्यादा याच काट्यावर आहे. आग विझलेल्या बोटीत इजेक्टर म्हणजे नुसता धातू. १८५०च्या सुमारास बांधलेली ‘डॉली’ ही लाँच १८९५च्या कडाक्याच्या हिवाळ्यात अल्सवॉटर सरोवरात बुडाली, आणि १९६२मध्ये वर काढली गेली. बोटी अशा, नांगरलेल्या असतानाही, बुडतात. थंड बॉयलरवर पंप कसा चालवणार? आणि आग पेटलेली असली तरी तळातलं पाणी भट्टीपर्यंत चढायच्या आत काम उरकायला हवं. आपल्याकडे आगबोट म्हटलं की ‘रामदास’ आठवते, १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली. सहाशेहून अधिक माणसं गेली. ती लाटेच्या तडाख्यात कलंडली. तिथे कुठल्याच पंपाचं काम नव्हतं. इजेक्टर झिरपणाऱ्या बोटीचा सोबती आहे, उलटणाऱ्या बोटीचा नव्हे.

वाफ गेली तरी आकृती टिकली. विहिरीवरचा जेट पंप ज्यांच्या घरी आहे त्यांच्या पाइपाच्या खालच्या टोकाला हेच चित्र आहे, फक्त नॉझलमधून वाफेऐवजी पाणी सुटतं.

आकृतीवर माझा एक आक्षेप आहे. वाफ बंद केल्यावर काय होतं, ते ती दाखवत नाही. नळीत उरलेली वाफ निवते, पोकळी तयार होते, आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड जर पाण्याच्या पातळीखाली असेल तर तीच वाट उलटी चालू लागते: सरोवर बोटीत येतं. पाणी काढायला बसवलेला पंप पाणी भरू लागतो, तेही सगळे निर्धास्त होऊन घरी गेल्यावर. म्हणून जाणता माणूस ते तोंड पाण्याच्या रेषेच्या वर, हाताच्या टप्प्यात, दिसेल असं काढतो आणि नळीत एकाच दिशेने उघडणारी झडप घालतो. ही झडप मात्र हलते. तिच्यात कचरा अडकू शकतो, आणि तीच अधूनमधून उघडून साफ करावी लागते.