मुंग्यांमधली दिल्ली

बंदिशीचं रसग्रहण होतं, कवितेचं होतं. इथे एका खराब चित्राचं करतो आहे. ते मी कधीच पूर्ण पाहिलं नाही. पूर्ण दिसलं असतं तर त्यावर लिहायला बसलोही नसतो.

जागा ग्वाल्हेरच्या लश्करातली. महाराज बाड्याला लागून गोरखी, शिंद्यांचा जुना वाडा; अटलबिहारी वाजपेयी ज्या शाळेत शिकले ती इथलीच. तिच्या मागच्या गल्लीत आमचं छत. गच्चीला आम्ही ग्वाल्हेरवाले छतच म्हणतो. सत्तरचं दशक संपत आलेलं, गावात प्रक्षेपक नाही, तरी काकांनी ब्लॅक अँड व्हाइट सेट आणलेला. डिसेंबरची संध्याकाळ, वारा पडलेला. काका पाइपाला धरून वर, मी जिन्यात निरोप्या, खाली सेटसमोर आजी. "आलं का?" "नाही." "आता?" "आलं, आलं... गेलं."

काका अँटेनाला हात लावण्याआधी शेजारच्या चुलींचा धूर बघत. धूर सरळ वर गेला तर ते खाली येऊन चहा मागत. छतांच्या उंचीवर तो आडवा पसरून राहिला, की म्हणत, "आज दिल्ली." आम्हाला ती त्यांची लहर वाटे. पण त्यात पक्कं शास्त्र होतं. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते. निरभ्र, निवांत संध्याकाळी जमीन झपाट्याने निवते आणि गार हवेवर उबदार, कोरड्या हवेचं झाकण बसतं. धूर त्याखाली अडकतो. टीव्हीच्या लहरीही त्या थरात जमिनीकडे वाकतात आणि क्षितिजापलीकडे पोचतात.

हे अंतर काही थोडं नव्हे. गोरखीपासून दिल्ली सरळ रेषेत सुमारे २८५ किलोमीटर. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. दिल्लीतला पीतमपुऱ्याचा २३५ मीटरचा मनोरा पुढे १९८८ साली उभा राहिला. तोसुद्धा १५ मीटर उंचीवरच्या अँटेनाला हिशेबाने ऐंशी किलोमीटरच्या आतच दिसावा. मधली दोनशे किलोमीटर, आग्रा, धोलपूर, चंबळेच्या घळी, हे सगळं हवेने पार करून द्यायचं. समुद्रावर तर ती याहून उदार होते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या २०० मेगाहर्ट्‌झच्या रडारला ऐन उन्हाळ्यात हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले होते.

आता चित्राकडे. सुरुवातीला पडद्यावर नुसत्या मुंग्या, वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. लोक त्यांना चित्राचा अभाव समजतात. पण टीव्हीच्या खालच्या चॅनेलांवर त्या मुंग्यांत आकाशगंगेची खरखरही मिसळलेली असते; पडदा मोकळा कधीच नसतो. मग त्या एका बाजूला कलू लागतात, एक काळा पट्टा तिरका सरकत जातो. तो पट्टा म्हणजे चित्राची चौकट. चित्राच्या आधी ती येते, त्यालाही कारण आहे. आपल्या त्या ॲनालॉग पद्धतीत प्रक्षेपक पूर्ण ताकद लावतो ती ओळी जुळवणाऱ्या खुणांवर, आणि पांढरा रंग सगळ्यात कमी ताकदीत पाठवतो. म्हणूनच की काय, वृत्तनिवेदिकेचे केस आम्हाला आधी दिसत, चेहरा मागाहून. कधी चेहरा यायचाच नाही. केस, पदराचा काठ आणि मधे मुंग्या. आजी त्या आकाराला नमस्कार करून घ्यायची.

खरी बहार आवाजाची. चित्र आणि आवाज एकत्र येतात असं आपण धरून चालतो, पण दोघांची जातच निराळी. चित्र एएमवर येतं, आवाज त्याच्या साडेपाच मेगाहर्ट्‌झ वर, एफएमवर. चित्र हळूहळू झिजतं. आवाज एका मर्यादेपर्यंत टिकतो आणि तिथून थेट खरखरीत बुडतो. दोन केंद्रं एकाच चॅनेलवर भिडली, की मजा बघावी. एफएमचा स्वभाव असा की जो वरचढ तोच ऐकू येतो, दुसरा जवळजवळ पुसला जातो. चित्रात मात्र दोघंही राहतात, एकाच्या अंगावरून दुसरा, मधे आडव्या पट्ट्या. कान एकाच्या घरी, डोळे दोघांच्या.

अशा वेळी अँटेना फिरवायची. लखनौला केंद्र झालं १९७५ साली, आणि गोरखीपासून तेही जवळजवळ तितकंच दूर, सुमारे २८५ किलोमीटर. दिल्ली उत्तरेच्या किंचित डावीकडे, लखनौ पूर्वेकडे. दोन दिशांमध्ये जवळपास काटकोन. यागी-उदा अँटेनाचं तोंड दिल्लीकडे केलं, की तिच्या आडव्या दांड्यांची टोकं लखनौकडे होतात, आणि दांडा आपल्या टोकांच्या दिशेने बहिरा असतो. पाव फेरा घ्या, दुसरं शहर. या अँटेनाचे खरे कर्ते शिंतारो उदा पन्नासच्या दशकात काही वर्षं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काम करत होते. आमच्या गल्लीतल्या माकडांनी तिच्यावर झोके घेतलेले त्यांनी पाहायला हवे होते.

कार्यक्रम कुठला होता, हे मला आठवत नाही. काकांनाही त्याचं काही नसे. त्यांना ओळख हवी असे: हे कोण, कुठून. इथे मला गायक कृष्णराव शंकर पंडितांच्या गावातला माणूस म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ग्वाल्हेर गायकी राग दडवून ठेवत नाही. पहिल्या काही स्वरांत तो समोर उभा करते आणि मग विस्ताराचा आनंद देते. दूरच्या चित्राची रीत अगदी उलटी. ते शेवटपर्यंत नाव सांगत नाही, आणि सांगितलं की मैफल संपते. दूरदर्शनच्या बोधचिन्हातल्या दोन कमानी फिरत येऊन डोळा होतात. मुंग्यांमध्ये आम्हाला एकच कमान दिसायची. दुसरी आपण मनाने काढायची. त्यावरून दूरदर्शन आहे एवढं कळे. कुठलं, ते केंद्राच्या नावाची पाटी आली तरच. ती पाटी वाचता आली, की काका खाली येत आणि सेट बंद करत. आजीचा त्यावर कायमचा राग होता, आणि तिची बाजू अगदीच चुकीची नव्हती.

१५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि रात्री सगळी केंद्रं एकच चित्र दाखवू लागली. देशासाठी ते ठीक असेल. काकांसाठी ती सगळ्या गायकांनी एकच चीज एकाच वेळी म्हणण्यासारखी गत होती. पुढे ग्वाल्हेरला स्वतःचा प्रक्षेपक मिळाला. गल्लीत पेढे वाटले गेले. छतावर मात्र दूरचं बारीक चित्र जवळच्या दणक्यात बुडून गेलं.

या छंदाची सर्वोत्तम चीज पाहायची असेल तर १९३८ च्या नोव्हेंबरची बघा. न्यूयॉर्कजवळ रिव्हरहेडला आरसीएच्या अभियंत्यांनी लंडनच्या बीबीसीचं चित्र पकडलं. तेव्हा सूर्य डागांनी भरलेला होता आणि आयनांबराने, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराने, साडेपाच हजार किलोमीटरचा अटलांटिक ओलांडून दिला. त्यांनी पडद्यावर कॅमेरा लावला. उरलेली फिल्म चारेक मिनिटांची, मुकी: बाईचा चेहरा वर येतो, वितळतो, दुहेरी होतो, जुन्या पोशाखातली माणसं हलतात. युद्धापूर्वीच्या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक टीव्हीच्या जिवंत प्रक्षेपणाचं मुद्रण म्हणून एवढंच उरलं आहे. लंडनमध्ये ज्यांनी ते स्वच्छ पाहिलं, त्यांच्याकडे काहीच नाही.

डिजिटलमध्ये हे संपलं. तिथे चित्र असतं किंवा नसतं. फार तर काही चौकोन गोठतात. एखादा चेहरा अर्धा येऊन थांबण्याची सोय नाही. दूरदर्शनने जुने ॲनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत, सीमेवरचे वगैरे मोजके सोडून, बंद केले.

लश्करात कुणाच्या छतावर जुनी अँटेना अजून उभी असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी होकायंत्र घेऊन वर जा. तोंड उत्तरेच्या किंचित डावीकडे असेल तर दिल्ली, पूर्वेकडे असेल तर लखनौ. दोन्हीकडे नसेल, तर त्या घरात नुसते कार्यक्रम बघणारे राहत होते, खुशाल विका.