जाणाऱ्याची कविता आणि राहणाऱ्यांची

मृत्यूवरची मराठी कविता म्हटली, की आपल्याला आधी भा. रा. तांबे आठवतात. ‘मी गेल्यावर जगाचं काय अडणार?’ असं विचारणारी त्यांची ती कविता. वसंत प्रभूंनी चाल दिली, लताबाईंनी गायली आणि ती घरोघरी पोचली. सूर्य-चंद्र आपापल्या वाटेनं जातील, सोयरे डोळे पुसून कामाला लागतील, मग अशा जगासाठी कुढायचं कशाला, असा तिचा एकूण सूर. आपण तिला वैराग्याची कविता म्हणतो. मला ते तितकंसं पटत नाही. खरा विरक्त माणूस आपल्यावाचून कोणाकोणाचं अडणार नाही, याची यादी करत बसेल का? त्या यादीत थोडा रुसवा आहे. आणि म्हणूनच, खरं सांगायचं तर, ती कविता जिवंत आहे.

एका मित्राच्या शोकसभेत मी ती वाचली. नंतर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, कविता छान होती. पण ती जाणाऱ्याची. यांच्यामुळे चारही भाऊ गणपतीला एकत्र यायचे. आता कोण बोलावणार?”

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन नामदेवांची गाथा काढली, समाधीचं प्रकरण. (त्यातले सगळेच अभंग नामदेवांचे का, हा वाद अभ्यासकांचा, तो आज बाजूला ठेवू.) १२९६ साली आळंदीला ज्ञानदेव समाधी घेतात. आता बघा, इथं जमलेली माणसं काही साधी नव्हेत. आत्मा अमर आहे, हे त्यांना कोणी शिकवायला नको. निवृत्तिनाथ तर ज्ञानदेवांचे गुरू! तरीही सगळे रडतात, आणि नामदेव ते लपवत नाहीत. त्या शोकाला उपमा कसली, तर पेंढीची. पेंढीचा बंद सुटतो आणि गवत रानोमाळ पांगतं. वेदान्त नाही, शेतातली गोष्ट.

तांब्यांच्या कवितेत ‘मी’ गेल्यावर उरलेलं जग जसंच्या तसं आहे. पेंढीच्या उपमेत काडी एकही कमी झालेली नाही, गेला तो फक्त बंद. पण पेंढी राहिली नाही. गेलेला माणूस इतरांना धरून होता, हे इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी जागा मला मराठीत पटकन आठवत नाही.

परवा वहिनींचा फोन आला होता. यंदा गणपतीला दोघेच भाऊ आले.