'कुणाचा रे तू?'

मुळांच्या शोधाचा विषय निघाला की ॲलेक्स हेली यांचे 'रूट्स' (१९७६) हटकून पुढे केले जाते. गांबियातील जुफुरे गावी हेलींना पूर्वज सापडला आणि वाचक सुखावला. (त्या वंशावळीवर पुढे संशोधकांनी गंभीर शंका घेतल्या, हे आपण सोयीने विसरतो.) सैदिया हार्टमन यांचे 'लूज युवर मदर' (२००७) हे सुख नाकारते, म्हणून मला ते अधिक प्रामाणिक वाटते. ही कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका गुलामांच्या व्यापाराच्या वाटेने घानात हिंडते. एल्मिनाला बसमधून उतरताच हाक येते 'ओब्रुनी', म्हणजे परकी! नातलग कुणीच भेटत नाही. विकणाऱ्याच्या लेखी विकला जाणारा आपला नव्हताच, म्हणून तर तो विकता आला, असे त्या ठामपणे मांडतात.

दलित वाचकाला इथे थबकावे लागते. आपले नेमके उलटे आहे. त्यांचे दप्तर मुके. आपले बोलते, पण काय बोलते? महार वतन १९५८ च्या कायद्याने गेले, तरी जुन्या कागदात आजोबा सापडतो तो गावचा वतनी चाकर म्हणूनच. एस.टी.तून उतरावे तर पारावरून प्रश्न येतो, 'कुणाचा रे तू?' विचारणाऱ्याला नाते नको असते, जात हवी असते.

हार्टमन यांची निराशा कधी कधी इतकी दाटते की घानातली जिवंत माणसे तिच्याआड जातात. हा दोष मानलाच पाहिजे. मात्र शेवटी उत्तरेतल्या ग्वोलूला, गुलाम पकडणाऱ्यांपासून बचावासाठी उभारलेल्या भिंतीपाशी, त्या नाते सांगतात ते पळून आलेल्यांशी, रक्ताशी नव्हे.