काचेपलीकडचा माळी

हैदराबादमधील केएमसी कंपनीच्या कार्यालयाची इमारत २०१२ साली पूर्ण झाली. तिचे वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा. पर्यावरणस्नेही वास्तू म्हणून तिचे कौतुक झाले आहे. आम्ही तिच्याकडे वळतो ते वेगळ्या कारणासाठी. या वास्तूच्या वतीने एक सामाजिक दावा केला गेला आहे, आणि दावा केला की तो तपासावा लागतो.

आधी रचना पाहू. इमारतीला दुहेरी आवरण आहे. आत काँक्रीटचा सांगाडा आणि नेहमीच्या खिडक्या. बाहेर ओतीव अॅल्युमिनियमची जाळी. जाळीवर मातीविना झाडे वाढवण्याचे ट्रे, ठिबकचे पाणी आणि तुषारांची सोय. ओल्या पानांतून येणारा वारा गार होतो, ऊन अडते. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात काचेची बंद पेटी उभारून ती विजेवर थंड करण्यापेक्षा हे निश्चितच शहाणपणाचे आहे.

पण हिरवाई आपोआप टिकत नाही. तिची निगा माळी राखतात. त्यांच्यासाठी मजल्या-मजल्यावर जाळीलगत अरुंद मार्गिका केल्या आहेत. खुर्चीवरच्या अधिकाऱ्याला खिडकीतून माळी दिसतो, माळ्याला अधिकारी दिसतो. यामुळे वर्गभेदाचे उंबरठे सौम्य होतात, असे वास्तुरचनाकाराचे म्हणणे आहे.

कष्टकऱ्याला मागच्या जिन्यात लपवायचे नाही, हा हेतू प्रामाणिक आहे. बहुतेक कार्यालयांत तेवढाही विचार नसतो. तरीही आम्ही विचारतो: दिसण्याने भेद कधी मिटला? गावगाड्यात राबणारा महार, मांग, चांभार सर्वांना रोज दिसतच होता. तो दिसत नव्हता म्हणून गावकुसाबाहेर नव्हता. १९२७ साली महाडला माणसे गेली ती तळे पाहायला नव्हे. पाणी प्यायला गेली. तळे त्यांना आधीही दिसत होतेच.

जातीने केवळ कामे वाटली नाहीत, कामगारच वेगळे करून उतरंडीवर बसवले, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. माळ्याची जात कोणतीही असो, काचेच्या दोन्ही बाजूंची ही रचना त्या उतरंडीशी नाते सांगते. एक बाजू गारव्याची, दुसरी तो गारवा निर्माण करण्याची. उंबरठा सौम्य करायचा तर त्यात दार हवे. माळी जेवतो कुठे? पाणी कोणत्या माठातले पितो? लघवीला कुठे जातो? वास्तुकलेचे सौंदर्यशास्त्र या प्रश्नांना क्षुद्र मानते. आमच्या लेखी तेच तिचे पहिले निकष आहेत.

'गृह' या देशी हरित मानांकनाच्या २०१५ च्या आवृत्तीत सेवा कर्मचाऱ्यांच्या सोयींचा निकष आला, हे स्वागतार्ह आहे. पण शब्द पाहा: सोयी त्यांच्यासाठी 'स्वतंत्र' हव्यात. नसण्यापेक्षा त्या बऱ्याच. पण वेगळा माठ आणि वेगळी लिफ्ट यांचा इतिहास ज्यांनी भोगला, त्यांना 'स्वतंत्र' या शब्दाचा दुसरा अर्थही ठाऊक आहे.

मेहरोत्रांनीच जयपूरजवळ आमेर येथे माहूत आणि हत्तींसाठी 'हाथीगाव' ही वसाहत रचली. वाळू उपसून ओसाड झालेल्या जमिनीवर तिथे आधी पाणी साठवले, मग घरे आखली. तिथे कष्टकरी हा वास्तूचा रहिवासी आहे, पाणी आणि सावली त्याच्या जगण्याशी जोडलेली आहेत. हैदराबादेत तो रहिवाशांच्या समोरून जाणारा माणूस आहे. एकाच हाताने केलेल्या दोन रचनांतला हा फरक वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा.

टिकाऊपणा म्हणजे वीज आणि पाणी वाचवणे, एवढाच अर्थ आम्हाला मान्य नाही. जी व्यवस्था टिकू नये तिला टिकवणारी हिरवाई आमच्या कामाची नाही. पुढच्या वेळी आराखडा काढताना मार्गिकेच्या टोकाला एक दार आखावे. त्या दारातून माळी आत येईल आणि सगळे जिथे बसतात त्याच बाकावर बसून डबा उघडेल.